पितळी फ्लोट

पावणेआठची फेरीबोट सुटली, ते अंगणातूनच ऐकलं.
येझदी तशीच. सतरा किका मारल्या, मोजून.
ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल थेंब थेंब
चिऱ्यांच्या फरशीवर, आणि शेजारचं मांजर
लांबूनच नाक मुरडून परत गेलं.

शाबाला फोन लावला.
शाबा कुठल्याशा समुद्रात, इंजिनरूममधला फिटर.
त्याच्याकडे रात्र होती की पहाट, विचारलं नाही.
म्हणाला, आधी किक मारूं नाका.
जितकी मारशील तितकं आणखी आत ओढेल.
तिला तहान नाही लागलेली गो, ती बुडालीय.

तर कॉक बंद. चोकला हात लावायचा नाही.
प्लग काढला : काळा, ओला,
पहिलीतल्या पोराच्या नाकासारखा.
ओढणीने पुसला, मग आठवलं
शाळेत हीच ओढणी.
प्लगशिवाय चार किका, भोकातून फस्स करून
पेट्रोलचं धुकं माडाच्या बुंध्यावर.
ओकूं दे तिला, शाबा म्हणाला.

येझदीचा गियर आणि किक एकच दांडा.
आत दाबून वर फिरवला की किक.
एवढं शिकवायला त्याने तीन रविवार घेतले होते,
बोटीवर जायच्या आधीचे,
आणि चौथ्या रविवारी चावी नुसती खिळ्याला लावून गेला.

वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजव,
हळू, दुपारी कुणाचं दार वाजवतेस तसं.
सुई अडकली असेल तर सुटेल.
वाजवलं. कॉक उघडला. थेंब नाही.
मी हसलेसुद्धा.
मग थेंब.

म्हणून वाटीच उघडली. स्क्रू ठेवायला
हाताशी आलं ते देवाचं ताम्हन. आई ओरडली.
तळाशी चिमूटभर तांबडी माती,
सुईचं टोक नखावरून फिरवलं, चर नाही.
आता फ्लोट कानाशी धर, तो म्हणाला. हलव.

हलवला.
काहीतरी होतं आत,
अगदी थोडं, नारळ जून झाल्यावर उरतं त्याहून थोडं.
मी तो फोनच्या तोंडाशी नेऊन हलवला.
पलीकडे मोठ्या इंजिनाची घरघर, घरघर,
आणि मग त्याचा आवाज : हो, आहे.
हजारो मैलांवरून त्याला ते ऐकू आलं,
की माझ्या गप्प बसण्यावरून त्याने ओळखलं,
कुणास ठाऊक.

तरंगायचं, एवढंच काम त्या डबीला.
पेट्रोल चढलं की वर यायचं, सुईला दाबायचं,
पुरे म्हणायचं.
आतच शिरल्यावर पुरे कोण म्हणणार?

चहाच्या टोपात पाणी उकळलं,
चिमट्याने फ्लोट बुडवून धरला.
जोडाच्या कडेला एक बुडबुडा. थांबला.
मग ओळीने पाच-सहा, घाईत असल्यासारखे.
पेन्सिलने तिथे खूण केली
आणि आतलं सगळं उडून जाईपर्यंत
टोप घेऊन विहिरीजवळ बसून राहिले.
आई म्हणाली, हा टोप आता चहाचा नाही.

रायबंदरच्या चढावर कॅमीलचं रेडिओचं दुकान.
डाग देताना त्याने श्वास धरला होता.
शिसं थोडंच, बाये. दुरुस्ती जड झाली
की हा परत बुडतो.
पैसे घेतले नाहीत. शाबाला सांग म्हणाला,
पण काय सांग, ते बोललाच नाही.

तिसऱ्या किकला लागली. निळा धूर,
चिंचेखालचे कावळे उठले.
शाबाला मेसेज टाकला : लागली.
एकच टिक, राखाडी.

साडेदहाच्या फेरीत, दिवाडीकडे जाताना
मी वाकून वाकून नळी पाहत होते.
टोकाशी एक थेंब जमतो. पडत नाही.
शेजारी उभा पोदेर म्हणाला, टीचर, काय सांडलं?
नाही, म्हटलं. अजून नाही.

तिसरीच्या वह्या तपासून दिल्या.
मनस्वीने वही उघडून नाकाशी नेली,
मग मागच्या बाकावर दिली, मग त्याच्या मागच्या.
टीचर, तुमच्या शेऱ्याला वास येतो.
येत होता.