प्रशासकाशी संपर्क साधा

पडद्यावर यायचं : हे करायची आपल्याला मुभा नाही,
प्रशासकाशी संपर्क साधा.
प्रशासक म्हणजे मी.
पलासियाहून रामबागेत, स्कूटरवर,
हेल्मेटच्या आत घाम आणि अकरा अक्षरं.

टोणगांवकरबाई खुर्चीवरून उठायच्या,
उशी सरळ करून द्यायच्या,
आणि मी पासवर्ड टाइप करू लागलो की
तोंड खिडकीकडे फिरवायच्या,
कुणी कपडे बदलत असावं तसं.
चार वर्षं.

पतसंस्थेचा पासबुकाचा प्रिंटर तेवढ्यात दोनदा गेला,
एकदा उंदरापायी, एकदा नुसता म्हातारपणाने.
नवं यंत्र खोक्यातून निघे,
बाई थर्माकोल भाचीच्या शाळेसाठी बाजूला ठेवीत,
वायर बसे, हिरवा दिवा लागे
आणि मग तेच वाक्य.
बाकावर पेन्शनर, मांडीवर उघडी पासबुकं,
मधूनच एखादा, "क्यों भिया, कितनी देर?"

एका सोमवारी मी देवासला अडकलो.
बाईंनी त्या दिवशी बावीस पासबुकं हातानं भरली.
निळी शाई. प्रत्येक नोंदीपुढे आद्याक्षरं, सु. टो.
मला कुणी सांगितलं नाही,
ऑडिटमध्ये "अनियमितता" म्हणून वाचलं.

समितीत विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले,
आज प्रिंटर देऊ, उद्या तिजोरी मागतील.
तिजोरीची किल्ली एकोणीस वर्षं
बाईंच्याच पर्समध्ये आहे,
रुमाल आणि बडीशेपेच्या डबीच्या मध्ये.
हे मी तिथे बोललो नाही.

रात्री साडेअकराला एका चौकटीत त्यांचं नाव घातलं.
बस, एवढंच.
जवळचा प्रिंटर जोडता येईल,
ड्रायव्हर चढवता येईल, उतरवता येईल,
बाकी कुलपं जागच्या जागी.
खरं सांगतो, बोट जरा अडलं.
आता आपल्याला कुणी बोलावणार नाही
असं स्वतःच लिहून देताना अडतं.

पुढचा प्रिंटर आला तेव्हा फोन आला नाही.
महिन्याभराने भलत्याच कामाला गेलो.
बाई म्हणाल्या, "लागला हो.
दोनदा विचारलं त्यानं, खात्री आहे का?
मी म्हटलं, आहे."

दिघेकाकांचं पासबुक आत सरकलं, करकर सुरू झाली.
मला टाइप करायला काही नव्हतं,
म्हणून खिडकीकडे पाहिलं.
शिंप्याचं छप्पर. त्यावर फुटकी बादली,
बादलीत वीतभर पिंपळ.
चार वर्षांपूर्वी केवढा होता,
बाईंना विचारायला हवं.