कपाटाला वास नको

"डोंगराचं नाव बघू नका," यू वान म्हणाली,
"नाव छापायला कागद लागतो, झाड लागत नाही."
आणि तिन्ही ढेपांवरचे कागद तिने उतरवले,
परीक्षेआधी पोरांच्या खिशातल्या चिठ्ठ्या काढाव्यात तसे.

कुनमिंगच्या चहाबाजाराची मागची गल्ली.
गोदामांचं भाडं कमी, कुत्री ओळखीची.
मी दीडशे युआन खिशात घेऊन
दोन घोटांच्या पेल्यासमोर बसलेलो.

एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी.
मला दाब कळतो.
पहिली ढेप नुसती टेबलावर वाजवली:
टणक, कडा धारदार, यंत्राच्या एका दणक्यातली.
"ही मुरायला माझा जन्म पुरायचा नाही."
"तुमचा कशाला," ती म्हणाली, "माझाही नाही."

दुसरी वीट. ओल्या ढिगात उबवून पिकवलेली, काळी,
अडीचशे ग्रॅमला अठ्ठावीस युआन.
पहिलं पाणी ओतून दिलं तिने.
दुसऱ्याला तळघराचा वास,
तिसऱ्यात खजूर, किंवा खजूर ठेवलेला डबा.
पोट शांत झालं.
ही रोजची. हिला भविष्य नाही,
म्हणून तर बरी.

तिसरी तिच्या माहेरची, मेंगहाईकडची, कच्ची.
"तीनशे वर्षांची झाडंबिडं नाहीत हं.
शाळेमागच्या उतारावर ओळीने लावलेली झुडपं,
माझ्या भावाच्या वयाची. त्याच्यासारखीच आधी कडू बोलतात,
तो निघून गेल्यावर गोड वाटतात."
दगडाखाली दाबलेली.
दगडावर भाऊच उभा राहतो, डावी-उजवीकडे डुलतो.
भाऊ काटकुळा, म्हणून ढेपा सैल.
"सैल आहे, म्हणजे लवकर मुरेल," ती म्हणाली,
आणि उकळत्या पाण्यातून निघालेली पानं
बशीत पसरून माझ्यापुढे सरकवली.
एक मी दोन्ही टोकांनी ओढून पाहिलं.
ताणलं. फाटलं नाही.

"लवकर म्हणजे किती?"
"इथली हवा कोरडी. पंधरा वर्षं धरा."
मी त्रेसष्टचा. मनातल्या मनात बेरीज केली.
तिनेही केली असावी,
कारण तिने एकदम किटली उचलली.
"मुलगी ग्वांगझौला ना तुमची? तिकडे ठेवा. दमट आहे."
मुलीकडे मलाच चार दिवस मुरता येत नाही,
ढेपेला कुठे पाठवू.

छप्पन्नाच्या दोन आणि ती वीट.
उरले दहा: बस, आणि वाटेत वाडगाभर शेवया.
कागद परत गुंडाळताना तिने बजावलं,
"एक फोडा, एक ठेवा. उन्हात नको, स्वयंपाकघरात नको.
आणि कपाटाला वास नको.
साबण नको, उदबत्ती नको,
डांबरगोळ्या तर मुळीच नकोत."

घरात अंधारं, कोरडं कपाट एकच आहे.
त्यात वेनयिंगचे तीन कोट, चार वर्षं,
खिशाखिशात डांबरगोळ्या. मीच घातलेल्या.
कसर लागू नये म्हणून.

कोट खुर्चीच्या पाठीवर टाकले.
कपाटाची दारं उघडी ठेवली, खिडकीही.
एका फळीवर वर्तमानपत्र, दुसरीवर कोळसा.
करड्या कोटाच्या खिशात बसचं तिकीट निघालं,
कुठल्या थांब्याचं ते वाचता येत नव्हतं.

रोज सकाळी विटेचा एक तुकडा खोचणीने काढतो,
पाणी ओततो, पेला घेऊन जातो
आणि कपाटात डोकं घालून हुंगतो,
शाफ्टमध्ये वाकून केबल बघायचो तसा.
आज नववा दिवस.
वास आहे अजून, थोडा.

ढेप टेबलावरच आहे.
कागदावर पेन्सिलने लिहिलंय: ठेवायची.
तारीख घातलेली नाही.