चोपन्न अंश

टेप चिकट झाल्या होत्या.
सदतीस वर्षं तळघरात, ओल्या भिंतीला पाठ लावून.
अशा टेप आधी भाजाव्या लागतात,
चोपन्न अंशांवर, आठ तास,
नाहीतर यंत्रावर चढवताच आवाज
खरवडून निघतो, तपकिरी भुकटी होऊन.

माझ्याकडे भट्टी नव्हती.
आईचं अळंबी सुकवायचं यंत्र आणलं,
ताम्पेरेच्या बसमधून, मांडीवर घेऊन.
शेजारच्या बाईंनी विचारलं, यंदा मिळाली का बरी?
म्हटलं, एकच. पण मोठी आहे.

ओर्वोक्की साल्मेला.
तिची कॅसेट आमच्या गाडीत अडकली होती,
निघायचीच नाही,
म्हणून माझं सगळं लहानपण तिच्याच सात गाण्यांचं.
ती गेल्याचं कळलं त्या दिवशी
गाडीत कुणी बोललं नाही.
ती गात होती.

कंपनीचा कालेर्वो रोज दुपारी फोन करतो.
ठेका नवा हवा. छातीत बसला पाहिजे.
सात सेकंदांत तिचा आवाज यायला हवा,
नाहीतर हल्लीची पोरं पुढे सरकतात.
आणि तिसऱ्या कडव्यात ती मागे पडते,
तेवढं सरळ कर.

मागे पडते.
पडद्यावर उभ्या रेघांचं कुंपण
आणि प्रत्येक रेघेनंतर, किंचित उशिरा, ती,
ओल्या बुटांनी वर्गात शिरणाऱ्या मुलीसारखी.
मी एकेक शब्द चिमटीत धरून समेवर ठेवला.
चार दिवस लागले.
शब्दांआधीचे श्वास उरले, त्यांना जागाच नव्हती.
कापून एका फाइलमध्ये टाकले.
एकशे अकरा. फाइलला नाव दिलं नाही.

वाटत होतं, पाप करतेय.
तसं वाटून थोडं बरंही वाटत होतं.

गुरुवारी तिची बहीण आली, सही करायला.
हिल्का. वय एकोणऐंशी, पाठीला पिशवी.
तिला आधी कच्चं ऐकवलं:
नुसता गळा, खुर्चीची कुरकुर, एक खोकला,
आणि मागे खूप दूरवर धबधब्याचा घोष.
"फ्रिज आहे तो," हिल्का म्हणाली.
"आणि ती मागे पडत नाहीये. वाट बघतेय."

कुणाची?

"ठेक्याच्या यंत्राची. जपानी होतं.
त्यासाठी सायकल विकली, आईची अंगठी विकली.
अंगठी माझ्या वाट्याची होती.
आलं ते बिघडलेलंच. दुरुस्तीला दिलं.
म्हणाली, तोवर आवाज तरी भरून ठेवते, त्याला जागा सोडून.
यंत्र मार्चमध्ये परत आलं. ती फेब्रुवारीत..."
वाक्य तिथेच ठेवून तिने कॉफी मागितली.

मग मी नवं लावलं. मान खाली घालून.
ठेका आला, खिडकीची काच थरथरली,
आणि हिल्का टाचेने जमिनीवर ठोके देत ओरडली,
"वाढव! अजून वाढव!
तिला असंच हवं होतं, अंगावर येणारं.
तू एवढं घाबरत घाबरत का वाजवतेस?"

तिसऱ्या कडव्याशी टाच थांबली.
"इथे लवकर आली.
ओर्वोक्की कधी लवकर येत नसे,
जन्मालासुद्धा बारा दिवस उशीर."
सही केली. पेन माझंच घेऊन गेली.

रात्री शब्द पुन्हा मागे नेले, जिथले तिथे,
आणि ठेक्यालाच म्हटलं, तू थांब.
त्याला थांबता येत नाही,
एकेक ठोका हाताने मागे ओढावा लागतो.
पावणेतीन वाजले.
एक श्वास परत घातला, पहिल्या शब्दाआधीचा.
उरलेले एकशे दहा कुठे ठेवायचे, अजून कळलेलं नाही.

कालेर्वो म्हणाला, झकास.
फक्त सातव्या सेकंदाला ती अजून आलेली नाही.

रविवारी यंत्र आईला परत केलं.
जाळीवर तपकिरी धूळ राहिली होती.
आईने बोटाने टिपली, नाकाशी नेली,
"ही कुठल्या रानातली गं?"