आयर्विनला किती?

घर विकायचं ठरलं तेव्हा शीतल म्हणाला,
आधी ती रेघ पुसू.

रेघ अण्णांची. हॉलमध्ये, स्विचबोर्डाच्या चार बोटं वर,
लाल ऑइलपेंटची, शेजारी तारीख, खाली वेळ:
पहाटे तीन चाळीस.
आम्ही सगळे गच्चीवर कुडकुडत होतो,
ते जिन्याच्या बुडत्या पायऱ्या मोजत होते बॅटरी घेऊन.
पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नदी मोजली
आणि घर बांधलं कर्नाळ रस्त्याला,
तिच्या अगदी येण्याजाण्याच्या वाटेवर.
आई म्हणायची, हलवायाला गोड दिसत नाही,
तसं ह्यांना पाणी.

भूपाल चौगुले एजंट. खिशात तीन पेनं, मोबाईल दोन.
पन्नास सांगू ताई, पंचेचाळीसला सोडू.
मार्चात तीन पार्ट्या आल्या, चहा पिऊन गेल्या.
एकांना बोअरचं पाणी जड वाटलं,
एकांना दार दक्षिणेला.
तिसऱ्यांच्या सुनेनं आत येऊन काही पाहिलंच नाही,
दारातूनच विचारलं,
इथं आलं होतं का?
कुठल्याही सांगलीकराला कळतं
ह्या वाक्याचा कर्ता कोण.

शीतलनं पुट्टी मारली, वर दोन हात मोतिया.
भिंत अशी दिसायला लागली
जशी मुलगी बघायला आल्यावर आम्ही दिसायचो.

मे महिन्यात तासगावचे एक मास्तर आले, भला माणूस.
बेचाळीसला होय म्हणाले. एकावन्न हजार विसार.
त्या रात्री शीतलनं पिंपरीत पेढे वाटले,
मी कपाटं रिकामी करायला घेतली.
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मास्तर पडद्याचं माप घ्यायला आले
आणि मोतियातून ओल फुटली होती.
आडवी, सरळ, पट्टीनं आखल्यासारखी.
लाल नव्हती आता. नुसती ओली.
मास्तर काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.
विसार परत केला, पेढ्यांचे पैसे गेले.

त्यातच कळलं, उताऱ्यावर अजून अक्काताईचं नाव.
आत्या, वय ब्याऐंशी, जयसिंगपूर.
फोनवर म्हणाली, हक्कसोड देते की गं,
पण एकदा त्या घरात जेवायला घाला मला.
गॅस केव्हाच परत केलेला, भांडी भंगारात.
फरशीवर पेपर पसरला, त्यावर भडंग, कांदा, वर लिंबू,
दोन पाकिटं अक्काताईनं एकटीनं संपवली
आणि सही करताना विचारलं,
आंद्याची रेघ कुठाय?
अण्णांना आंद्या म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलं होतं.
शीतल बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसला.

शमीम मुजावर एजंटाशिवाय आल्या.
शिवणकाम, सहा मशिनी, दोन पोरी हाताखाली.
मी दारातच सांगून टाकलं, आलं होतं, एवढं.
ओल दाखवली.
त्यांनी गळ्यातली टेप काढली,
फरशीपासून वर नेली, चष्मा सारखा केला.
चार फूट सात, म्हणाल्या. माझ्या खांद्याएवढं.
मग जिना मोजला. वरच्या खोलीची लांबी मोजली,
खिडकी उघडून उजेड किती वेळ राहतो विचारलं.
मशिनी वर, झोपणं वर, खाली नुसता काउंटर.
अडतीसच्या वर एक रुपया नाही.
शीतल फोनवर ओरडला, फुकट देतेस का?
मी म्हटलं, नाही. खरं सांगून देते, तेवढ्याला जातं.
चौगुल्यानं तरी एक टक्का मागितलाच.

खरेदीच्या दिवशी अंगठा स्कॅनरवर उमटेना,
चारदा पुसला, पाचव्यांदा घेतला मशीननं.
किल्ल्या दिल्या. मागच्या दाराची कडी
उचलून ढकलावी लागते, हे सांगायचं राहिलं.

आता ऑगस्ट. मी कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर.
कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली
आणि हात आपोआप फोनकडे गेला.
त्या घरात माझं काही नाही आता, कायद्यानं.
तरी विचारलं,
आयर्विनला किती?

सदतीस, म्हणाल्या. सकाळी चौतीस होतं.
मशिनी वर घेतल्यात.
मागचं दार मात्र लागत नाही ओ.

उचलून ढकला, म्हटलं.