मानस

दिवाडीत खाजनाच्या बांधाला जे लाकडी दार असतं
त्याला मानस म्हणतात.
हे मला कायतान फुर्तादनं सांगितलं
बांबोळीच्या तळघरात, जाळीचा मुखवटा
त्याच्या गालांवर गार होत असताना.
मी त्याला म्हटलं, बोलू नकोस आता.

शिशाच्या डब्यातून आलेला कार्बन
वीस मिनिटांत निम्मा उरतो,
म्हणून आमच्याकडे सगळे भरभर चालतात
आणि हळू बोलतात.
सुई. घड्याळ. नव्वद मिनिटं.

ऑगस्टात, गोळ्या सुरू होण्याआधी, तो आला होता
तेव्हा मेंदूच्या मधोमध दोन स्वल्पविराम
लालभडक पेटले होते.
जागाच जागा, आणि आमचं द्रव्य
लग्नघरी लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखं ऐसपैस.
आज तेच स्वल्पविराम निळसर.
औषध कुठल्याच चित्रात दिसत नाही.
आमच्या पाहुण्याला जिथून उभ्यानं परतावं लागलं
तिथे ते बसलंय, असं आम्ही धरतो.

खाली लहान मेंदू. तिथे ही दारं जवळपास नाहीतच,
म्हणून त्याच्याशी ताडून पाहायचं,
दूध मोजण्याआधी
रिकाम्या भांड्याचं वजन करतात तसं.
भागाकार, वजाबाकी:
बहात्तर टक्के, पाच इकडे-तिकडे.

डॉक्टर वेरेकर खूश झाले.
पासष्टच्या खाली आवाज परततात,
ऐंशीच्या वर हात लाकडाचे होतात,
मधली वाट बांधावरच्या पायवाटेएवढी,
दोन्हीकडे पाणी.

मुखवटा निघाला तरी कायतानच्या गालांवर
चौकोन राहिले. किती, त्यानं विचारलं.
समज, शंभरातली बहात्तर दारं बंद.
तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला.
‘बाय, म्हज्या बापायन केन्नाच
सगळीं दारां बंद केलीं नात.’
एक फळी तो सैल ठेवायचा.
कुर्ल्यांसाठी, म्हणायचा.
शेत थोडं खारवायचं, आई रागवायची,
रात्री कालवण व्हायचं.

फॉर्मवर रकाना नव्हता, तरी मी विचारलं:
आणि आवाज?

‘आहे एक बाई. उरलीय.
पूर्वी काय काय बोलायची.
आता फक्त फेरी किती वाजता सुटते
तेवढं सांगते.’

बरोबर सांगते?

तो दारापर्यंत गेला होता.
‘पाच मिनिटं,’ म्हणाला, ‘मागेपुढे.’