गाठीवरचा छाप
(मार्च १९४२)

होळीच्या राखेत ऊब होती अजून,
तेव्हा तारमास्तर नरसय्या म्हणाला, रंगून हलतंय.
हलतंय म्हणजे काय?
म्हणाला, खाटेचा पाय हलतो तसं.
आठवड्याच्या आत खाट बसली.

मी जिनात छापे मारतो.
गाठ प्रेसमधून निघाली, पट्ट्या ठोकून झाल्या,
की पत्रा गोणपाटावर धरायचा
आणि काळ्या शाईचा बुरूस एकदाच, दाबून, फिरवायचा.
दोनदा फिरवला की अक्षराला मिशा फुटतात.
बारा हंगाम मी एकच गाव छापलं : कोबे.
मला वाचता येत नाही, पण इंग्रजीतली ती चार अक्षरं
अंधारातही बोटांना कळतात.
तिसऱ्याला दोन पोटं आहेत.

त्या गावचा मोरी साहेब कापूस घ्यायला यायचा.
त्याच्या नावावर बायका तोंडाला पदर लावायच्या.
तो रुईचा चिमटा दोन अंगठ्यांत धरून ओढायचा,
तंतू डोळ्यांपुढे नेऊन बघायचा,
आणि भाव पाडायचा.
हा बुरूस त्यानंच दिला, रानडुकराच्या केसांचा.
‘तुमचा झडतो,’ म्हणाला, ‘अक्षरात केस राहतो.’
गेल्या आषाढात त्याला तार आली.
त्यानं हमालांपर्यंत सगळ्यांचा हिशेब चुकता केला
आणि दारव्ह्याच्या बारक्या गाडीत जाऊन बसला.
कोबे छापलेल्या तीनशे गाठी वखारीतच राहिल्या.
त्यांत उंदरांनी पिलं घातली.

उकंडा माझा धाकटा भाऊ.
रेच्याचा आवाज ऐकून सांगायचा कुठला पट्टा ढिला.
भरतीवाल्यांनी त्याला मोटारी दुरुस्त करायला सिंगापूरला नेलं.
माघातल्या अवसेला ते पडलं.
तेव्हापासून पोस्टमन आमच्या दारावरून जाताना
घंटीवर तळवा ठेवतो.

नरसय्याच्या तारेत रोज काहीतरी बुडायचं.
जावा गेलं. आम्हाला जावा माहीत नव्हतं,
तरी संध्याकाळी कुणी मोठ्यानं बोललं नाही.
पाडव्याला सोनार म्हणाला, चांदी मोडू नका.
मग अंदमान.
ते ऐकून घाणीवाला तुळशा तेली उठून बसला.
त्याचा भाऊ खुनाच्या खटल्यात काळ्या पाण्यावर गेलेला,
तिकडेच राहिलेला.
‘मंग आता त्याचा साहेब कोन हाये?’
नरसय्यानं चष्मा पुसला.

त्याच सुमारास विलायतेहून एक साहेब
कागद घेऊन दिल्लीला उतरला.
शेठच्या रेडिओवर सांगितलं : राज्य देऊ, लढाई संपल्यावर.
रेजा भाकरी हातात धरून ऐकत होत्या.
भागरथा म्हणाली, ‘हंगाम सरल्यावर हिशेब.
आमचा शेठ बी असंच म्हनते.’
सगळे हसले. शेठ हसला नाही,
त्यानं रेडिओचा कान पिळला.

एक गोष्ट मी कुणाला बोललो नाही.
उकंड्यावर जो कोणी पहारा करत असेल
त्याच्या अंगात सदरा असेल.
सदरा कापसाचा असतो.
रात्री कूस बदलली की तो सदरा दिसतो,
पाठीवर माझी चार अक्षरं,
धुऊन धुऊन फिकी.
सकाळी वाटतं, हा वेडेपणा. दुपारी वाटत नाही.

महिना सरता सरता सरकारी पत्रा आला.
कापूस आता तंबूंना जाणार.
त्यात अक्षर नाही, नुसता एक बाण.
मी मोरीचा बुरूस रॉकेलमध्ये बुडवला,
जुनी शाई निघेपर्यंत दगडावर घासला.
पहिल्या गाठीवर बाण नीट उमटला,
फक्त टोकाशी एक केस राहिला.
नखानं काढणार, तेवढ्यात मुकादम ओरडला,
‘अबे, पुढची घे!’