दोन सेकंदांची गुणगुण

डोरोनबेक म्हणतो, गाडी लबाड आहे.
कोचकोरच्या स्टँडवर चार उतारू बसलेले,
डिकीत पिठाचं पोतं, कुणाची तरी शिलाई मशीन,
आणि दुपारी दोनला ती नुसतीच खाकरते,
कर्र कर्र कर्र.
स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही.
उतारू खाली, पैसे परत.
तासाभरानं, रिकामी असताना,
अर्ध्या किल्लीत सुरू.

आमच्या दारात तर ती कधीच अडत नाही.
साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसतो
तशी शहाणी.

काय काय बदललंस, बाबांनी विचारलं.
प्लग, वायरी, फिल्टर, दोन बॅटऱ्या,
बिश्केकच्या भंगारबाजारातून आणलेला पंप,
तोही दुसऱ्या एका मेलेल्या ऑडीचा.
रोग रेड्याला, औषध पखालीला.
बाबा हसले नाहीत. म्हणाले,
कधी सुरू होते ते नको सांगूस.
कधी होत नाही ते सांग.

डोरोनबेकनं इकडंतिकडं पाहिलं,
आवाज खाली आणला.
बुरुलसुन म्हातारी बसली की.
दवाखान्यातून येते, मागच्या सीटवर बसते,
ती बसली आणि गाडी रुसली,
असं चारदा झालंय.
आता तिला मी घेत नाही.

किती वाजता येते ती?
दोनला. डॉक्टर दोनलाच सोडतो.

बाबांनी गाडी शेडमधून बाहेर काढायला लावली.
नाक दक्षिणेकडं, बॉनेट बंद.
इंजिन चांगलं तापवलं, मग बंद केलं,
आणि आम्ही चहा प्यायला बसलो.
नारीनचं ऊन, हवा थंड पण पत्रा भाजतो.
डोरोनबेक दर पाच मिनिटांनी उठत होता.
बाबा त्याला बसवत होते.

किल्ली फिरवायचं काम माझं.
ठिणगी आधी पाहिली,
सुटा प्लग इंजिनच्या अंगाला टेकवून:
निळी, कोरडी, टक्क.
म्हणजे आग आहे. पाणी कुठं आटलं ते बघायचं,
बाबा पेट्रोलला पाणीच म्हणतात.

बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही,
उजवा अर्धाच आहे.
म्हणून ते डिकीत वाकले,
गालिचा उचलला,
आणि टाकीच्या झाकणावर तळवा ठेवला,
ताप बघतात तसा.
किल्ली अर्धी फिरवली की पंप दोन सेकंद गुणगुणतो.
फिरव, म्हणाले.
मी फिरवली.
पुन्हा.
पुन्हा फिरवली.
त्यांचा तळवा हलला नाही.
हातात काहीच येत नाहीये, ते म्हणाले,
आणि त्यांचा चेहरा इतका खूश होता
की डोरोनबेक घाबरला.

मग काचेखालचा काळा डबा,
त्यातला काडेपेटीएवढा रिले.
पान्याच्या मुठीनं बाबांनी त्याला हलकी टिचकी दिली.
मागून, टाकीतून, गुणगुण.
मलाही ऐकू आली.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
मी मान हलवली.

रिले उघडला.
भिंगाखाली तेरा टाके,
बाराव्याभोवती केसाएवढी काळी कडी.
गार असताना टेकलेली,
तापली की सुटलेली.
एवढंच. तीस वर्षांत
कुणीतरी हळूहळू हात सोडावा, तेवढं.

डाग दिला. धूर वर गेला, राळेचा वास.
पैसे किती? बाबांनी चहाचेच सांगितले,
वर म्हणाले, तो जुना पंप मला दे,
दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

रविवारी मी स्टँडवर गेले होते.
डोरोनबेकची ऑडी अजून उतारावर उभी असते,
नाक खाली, पुढच्या चाकाला दगड.
मी म्हटलं, उताराचा काय उपयोग,
स्टार्टर तर तेव्हाही फिरतच होता.
माहीत आहे, म्हणाला,
आणि दगड पायानं नीट सरकवला.

दोन वाजत आले होते.
दवाखान्याच्या बाजूनं
पांढरा रुमाल बांधलेली एक बाई येत होती,
हातात गोळ्यांची पिशवी, चाल अगदी सावकाश.
तिनं ऑडीकडं पाहिलं नाही.
ती सवयीनं लांबच्या मिनीबसकडं वळली.

डोरोनबेकनं किल्ली खिशात ठेवली.
पुन्हा काढली.